सिटिंग ट्रॉट लॉग: सॅडल उजवीकडे का सरकत होती

मंडळी, या महिन्याचा अपडेट लांबलचक आहे कारण सॅडलचं (खोगिराचं) कोडं बऱ्यापैकी सुटलंय आणि ते सविस्तर लिहून ठेवायचंय. इंदुरात सध्या सकाळी सातनंतर ऊन सोसत नाही म्हणून राइड छोट्याच होतात, पण फोन ट्रायपॉडवर लावून मैना घोडीच्या बरोब्बर मागून स्लो मोशन शूट करते आणि खरं शिकणं त्यातूनच होतंय.

मैना म्हणजे रेसमधून रिटायर झालेली थरोब्रेड, स्वभावानं गोड, पाठ जरा नाजूक. सॅडलच्या मागच्या कडेला मधोमध पांढऱ्या टेपचा तुकडा लावला आणि तिच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या भागावर, कण्याच्या रेषेत खडूची खूण केली. सरळ रेषेत वॉकला (साध्या चालीला) दोन्ही एकावर एक दिसतात, पण ट्रॉटचे (दुडक्या चालीचे) थोडे राउंड झाले की टेप उजवीकडे चांगली दोन बोटं सरकलेली, आणि मुख्य म्हणजे डाव्या सर्कलवरही उजवीकडेच आणि उजव्या सर्कलवरही उजवीकडेच. नुसता सर्कलचा परिणाम असता तर रेन, म्हणजे फिरायची दिशा, बदलल्यावर बाजू बदलली असती ना. मग काकांना बसवलं, ते माझ्यापेक्षा बरेच उंच आणि मांड एकदम पक्की, त्यांच्याखालीही तेच, उतरल्या उतरल्या म्हणाले, "अगं, ही तुझी सीट नाही, खाली काहीतरी आहे."

इथं सगळ्यांना कळकळीनं सांगते, असं दिसलं की सॅडलवाल्याकडे जायच्या आधी व्हेट (जनावरांचा डॉक्टर) बोलवा. सू डायसन आणि लिने ग्रेव्ह या व्हेट संशोधकांचं यावर काम आहे, मागच्या पायातलं बारीक लंगडणं, जे डोळ्यांना दिसतही नाही, त्यानं सॅडल एका बाजूला सरकते आणि नर्व्ह ब्लॉक देऊन (इंजेक्शननं दुखरा भाग बधिर करून) लंगडणं थांबवलं की बहुतेक घोड्यांत सरकणंही थांबतं. मैनाचे मागचे पाय कडक जमिनीवर, सर्कलवर, फ्लेक्शन टेस्ट (सांधा वाकवून धरून मग पळवून बघणं) करून, सगळे तपासले. क्लिअर. हुश्श झालं.

मग खांदे बघितले. घोड्याला कॉलरबोन नसतं, पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी धरलेले असतात, आणि पाय पुढे गेला की खांद्याच्या हाडाची वरची कड मागे, सॅडलच्या दिशेनं येते. मैनाचा डावा खांदा उजव्यापेक्षा स्पष्ट भरलेला आहे, दोन्ही हात ठेवून बघितलं की लगेच कळतं. म्हणजे प्रत्येक स्ट्राइडला डावा खांदा सॅडलच्या पुढच्या भागाला ढकलणार, आणि त्यात सॅडल उलटी करून दाबून बघितली तर उजव्या पॅनलमधली (खालच्या गादीतली) लोकर पुढच्या बाजूला बसून सपाट झालेली, मग सॅडल जाणार तरी कुठे. कारागिराकडून उजवं पॅनल पुन्हा भरून घेतलं, पुढे उजवीकडे पॅडखाली पातळ शिम (उंची भरून काढणारी पट्टी) दिली, आणि डाव्या खांद्यामागे जागा मोकळी राहील असं बघितलं. आता टेप बोटभरही हलत नाही.

आणि याचा फायदा सिटिंग ट्रॉटला, म्हणजे न उठता बसूनच ट्रॉट करण्याला, झाला! ट्रॉटमध्ये तिरपे पाय जोडीनं पडतात आणि मधे चारही हवेत, म्हणजे एका स्ट्राइडला दोनदा वर-खाली. टेकण्याच्या मध्यावर सॅडलवर येणारा जोर आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो, ६० किलोच्या माणसाचा सव्वाशेच्या वर. तो कुठेतरी जिरायला हवा. बस खड्ड्यातून जाताना उभ्या माणसाचे गुडघे जे करतात ते इथं कंबर आणि पेल्विसनं करायचं असतं, कंबर ताठ धरली की तोच धक्का घोड्याच्या पाठीत जातो आणि पाठ खाली दाबून घोडा मान वर काढतो. सॅडल मध्ये राहायला लागल्यापासून माझी दोन्ही सीट बोन (बसताना टेकणारी हाडं) सारखी लागतायत, उजवी रिकीब लांब वाटायची तेही गेलं.

वॉकला एक व्यायाम रोज करतेय, फार आवडलाय. डोळे मिटून ओळखायचं की मागचा कोणता पाय पुढे येतोय. डावा मागचा पाय उचलून पुढे येताना त्या बाजूचा पुठ्ठा खाली जातो आणि आपलं डावं सीट बोन खाली जाऊन पुढे सरकतं, पोट त्याच वेळी उजवीकडे झुलतं. मी "डावा, उजवा" म्हणते, काका खालून बघून सांगतात. आता वॉकला जवळजवळ सगळं बरोबर येतं, ट्रॉटला अजून गडबडतं. लेग एड, म्हणजे पायानं घोड्याला दिलेली खूण, त्याच क्षणी द्यायची असते, पाय जमिनीवर वजन घेऊन रोवला गेला की सांगून उपयोग नाही, म्हणून हे जमायलाच हवं.

२०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्या टीमनं ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायच्या खेळाचं) गोल्ड घेतलं, त्यात आपली इंदूरची सुदीप्ती हजेला होती, तेव्हा मी पहिल्यांदा पूर्ण टेस्ट बसून बघितली होती. परवा ते व्हिडिओ पुन्हा लावले आणि या वेळी घोड्यांचे पाय सोडून फक्त रायडरच्या कंबरा बघितल्या. खांदे शांत दिसतात ते खाली एवढं चालू असतं म्हणूनच.

पुढचं काम: नवी लोकर बसते, त्यामुळे काही आठवड्यांनी पॅनल परत दाबून बघणार आणि टेपचा व्हिडिओ परत काढणार. डाव्या-उजव्या खांद्याचा फरक कमी करायला दोन्ही रेनवर शोल्डर-इन (घोड्याचे खांदे आत घेऊन चालवणं) वॉकमध्ये चालू केलंय, उजवीकडे अजून अडतेय. शिम कायम ठेवायची की उजवा खांदा भरला की काढायची, यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा, मी सध्या तरी ठेवणार आहे.