तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोटसाठी थांबू काय?

माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून कॉक्लियर इम्प्लांट केलंय, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बारीक तार बसवतात आणि कानामागचं मशीन तिच्यातून आवाज पोचवतं. ते मशीन दिसलं की इथं बेळगावच्या वडगावात, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतंच. आधी "हे काय हो?" एवढंच असायचं. हल्ली ज्यांच्या घरात तसंच लेकरू आहे ते म्हणतात, "आता रोबोट ऑपरेशन करालाय म्हणे, मग वर्षभर थांबू काय?" परवा खानापूरकडच्या एका आजींनी तर फोनवर व्हिडिओच काढून दाखवला. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी डॉक्टर नव्हे, घरात दोन माग आहेत, पण पोरीपायी वाचून-विचारून जे कळलं ते हे.

रोबोट म्हणजे मास्क घालून उभा राहणारा लोखंडी माणूस नव्हे. 2016 ला स्वित्झर्लंडात बर्नमध्ये रोबोटनं कानामागचं हाड कोरून आतपर्यंत वाट पाडली होती, ते खरंय. पण अमेरिकेत 2021 ला ज्याला मंजुरी मिळाली ते आयोटासॉफ्ट अंगठ्याएवढं यंत्र आहे. हाड सर्जनच कोरतो, मग ते यंत्र कवटीला स्क्रूनं बसवायचं, सर्जन पायानं पेडल दाबणार, अगदी शिलाई मशीनसारखं, आणि ते इलेक्ट्रोडची बारीक तार कॉक्लियात सरकवणार. कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातला गोगलगायीचा शंख, अडीच वेढ्यांचा, पाण्यानं भरलेला. सेकंदाला 0.1 मिलिमीटर इतक्या सावकाशही तार जाऊ शकते, म्हणजे 20 मिलिमीटरला तीन मिनिटांच्या वर! एवढं हळू आणि एकसारखं हाताला जमत नाही. मी रोज तुटलेला धागा फणीतून ओवतो, मला विचारा, जास्तच हळू करायला गेलं की बोट थरथरतं आणि मध्येच झटका बसतो. तिथं झटका बसला की आतल्या पाण्याचा दाब वाढतो, नाजूक पडदा फाटू शकतो, थोडंफार ऐकू येत असलं तर तेही जातं. ज्याला थोडं ऐकू येतंय त्याच्यासाठी हे यंत्र मोलाचं ठरू शकतं.

पण थांबायचं का? माझं मत विचाराल तर नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लेकराच्या मेंदूत आवाज ओळखायची जागा लहानपणीच तयार होते, ती वर्षं गेली की परत येत नाहीत, आणि सरकारी योजनेतही वयाची अट असते. आमचीचं 2018 ला झालं, अडीच वर्षांची असताना, हातानंच.

खरं काम तर पुढं. काही आठवड्यांनी मशीन चालू केलं तेव्हा ती घाबरून रडलीच. मग मॅपिंगच्या, म्हणजे मशीनचा आवाज तिला जुळेल तसा लावून घ्यायच्या चकरा, बॅटऱ्या, ऐकायला-बोलायला शिकवायची थेरपी. त्यात आमच्याकडं भाषेचा घोळ, घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश, आणि आमचे बाबा एका वाक्यात तिन्ही घालणार. आधी मराठीच पक्की करायची ठरवलं आणि दिवसभर बडबड सुरू, भात शिजतोय बघ, मांजर आलं बघ, लोक म्हणायचे हा वेडा झालाय काय.

मशीन चालू करून दोन महिने झाले असतील. माग खडखडत होता, ती खाली वाटीतले चुरमुरे खात बसलेली, वर बघतही नव्हती. लाईट गेली. माग थांबला. तिनं वाटी खाली ठेवली, मागाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.