बाईंनी झाकलेलं एक घर

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि मला बाईंखेरीज दुसरं काही सुचेना. दहावी ब ला विज्ञान शिकवणाऱ्या बाई. नाव लिहायची गरज नाही. आमच्या वेळच्या मुलांसाठी ‘बाई’ म्हणजे त्याच.

प्रयोगशाळेत बेसिनच्या वर आवर्तसारणीचा, म्हणजे सगळ्या मूलद्रव्यांच्या मांडणीचा, कापडी तक्ता टांगलेला असे. एका सकाळी बाईंनी त्यातल्या 32 क्रमांकाच्या घरावर कोरा कागद चिकटवला आणि म्हणाल्या, “इथं कोण राहतं ते शेजाऱ्यांना विचारून सांगा.” वर सिलिकॉन, खाली कथिल, डावीकडे गॅलियम, उजवीकडे अर्सेनिक. त्यांची अणुवस्तुमानं 28, 119, 70 आणि 75. बेरीज 292, भागिले चार, 73. संयुजा, म्हणजे दुसऱ्या अणूंशी जोडलं जायची क्षमता, वरच्याची चार, खालच्याची चार, तेव्हा याचीही चारच. ऑक्साइड कसं असेल? एका अणूला ऑक्सिजनचे दोन. मग बाईंनी कागद काढला. जर्मेनियम, 72.6! शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले, एवढा गलका झाला.

गलका ओसरल्यावर त्यांनी ही सारणी मांडणारा रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह सांगायला घेतला. 1869 मध्ये माहीत असलेली 63 मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या क्रमानं मांडताना त्यानं जागा मोकळ्या सोडल्या होत्या. याच घरासाठी 1871 मध्ये त्यानं अणुवस्तुमान 72 आणि घनता 5.5 असं लिहूनही ठेवलं, आणि 1886 मध्ये जर्मनीत विंक्लर या रसायनशास्त्रज्ञाला ते मूलद्रव्य सापडलं तेव्हा आकडे जवळजवळ तेच निघाले. गॅलियमची घनता तर शोधणाऱ्यानं आधी 4.7 मोजली होती. मेंडेलीव्हनं कळवलं, 5.9 यायला हवी. धातू शुद्ध करून पुन्हा मोजली, 5.9 च आली.

टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड असूनही सारणीत त्याच्या आधी का, हे मात्र मेंडेलीव्हला सांगता आलं नव्हतं. ते कोडं 1913 मध्ये मोझले या इंग्रज शास्त्रज्ञानं सोडवलं: क्रम वस्तुमानाचा नाही, अणुअंकाचा, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येचा. तो पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत 27 व्या वर्षी मारला गेला, हे सांगताना बाईंचा आवाज जड व्हायचा.

मी आज कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीची, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याची, प्रयोगशाळा सांभाळतो. भट्टीतून सॅम्पल आलं की स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय काय आहे ते प्रकाशावरून सांगणाऱ्या यंत्रावर, ठिणगी पाडायची. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देतात, त्यावरून कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती ते मिनिटाभरात कळतं. नव्या मुलांना मी आधी विचारतो, कार्बन आणि सिलिकॉन एकाच गणात, म्हणजे सारणीच्या एकाच उभ्या रांगेत का? पाठ केलेलं उत्तर मला चालत नाही. ही सवय बाईंची.

मध्यंतरी शाळेत गेलो होतो. त्या प्रयोगशाळेत आता संगणक आहेत आणि जिन्यात आवर्तसारणीचं फ्लेक्स लावलंय. 2016 मध्ये नावं मिळालेली निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगॅनेसॉन त्यात आहेत, सातवी ओळ पूर्ण, सगळी 118 घरं भरलेली. पण ते इतक्या उंचावर आहे की एकाही घराला मुलांचा हात पोचत नाही. मला फार वाईट वाटलं.

महोत्सवाला येताना मी तांबं, जस्त, कथिल, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचे तुकडे घेऊन येतोय, शाळेला द्यायला. शाळेनं ते काचेच्या कपाटात ठेवू नयेत. मुलांना हाताळू द्यावेत, तोलू द्यावेत, हरवले तर मी पुन्हा पाठवीन.