नांगर टाकल्यावर

मराठीत शेतकऱ्याच्या नांगराला आणि खलाशाच्या नांगराला एकच शब्द आहे. एक फिरवण्यासाठी, दुसरा थांबण्यासाठी. आजोबांचा लाकडी नांगर मी पाहिलाय, रुमण्यावर हात ठेवून मिरवलोय. दुसऱ्याशी ओळख झाली ती मात्र पन्नाशीत. एका मित्राच्या बत्तीस फुटी शिडाच्या होडीवरून डिसेंबरात मुंबईहून गोव्याला निघालो तेव्हा.

लोक विचारतात, शीड कसं सांभाळलंत? शिडाचं काही नाही हो. दुपारी खारा वारा सुटला की होडी पाच नॉटने, म्हणजे साधारण संथ सायकलच्या वेगाने, आपली आपण चालते. सुकाणूवर एकाने बसायचं, दुसऱ्याने चहा करायचा. चहाही धड होतो, कारण स्टोव्ह झुल्यावर बसवलेला असतो. होडी कलली तरी पातेलं सरळच राहतं. खरी परीक्षा सूर्य मावळल्यावर. किनाऱ्याजवळ रात्रीचं चालायचं नाही, मासेमारीच्या डोलजाळ्यांचे तरंगते बोये अंधारात दिसत नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी एखादी खाडी गाठायची आणि नांगर टाकायचा.

मला वाटायचं, जड वस्तू पाण्यात सोडली की झालं. पण वजनाचं काम थोडंच असतं. नांगराचा फाळ गाळात तिरका घुसला पाहिजे आणि त्याला आडवी ओढ मिळाली पाहिजे. वरून ओढलात तर तो निघून येतो, निघताना आपण तसाच काढतो. ओढ आडवी राहावी म्हणून साखळी भरपूर सोडायची, खोलीच्या पाचपट तरी. खोलीही आत्ताची नव्हे, भरतीची धरायची. उधाणाला मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, गोव्याकडे जाईतो ते दोनेक मीटरवर येतं. ओहोटीला चार मीटर पाणी, वर भरतीचं तीन, पाण्यापासून नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, उंची एक. आठ पंचे चाळीस. चाळीस मीटर साखळी! जमिनीवर गाळात रुतलेल्या माणसाची आपण कीव करतो, इथे तेवढ्यासाठी देव पाण्यात ठेवायचे.

आमच्या होडीवरचा नांगर तर दिसायलाही दोन पंखांच्या फाळासारखा. हे रूप १९३३ साली जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने काढलं. वाहत्या द्रवांचं गणित मांडणारा हा मोठा माणूस, हौशी दर्यावर्दीही. होडी बांधून ठेवायला त्यालाही शेवटी नांगरटच आठवली, याचं मला भारी समाधान वाटतं.

पहिल्या रात्री मुरूडला घट्ट वाळूवर नांगर सरकला. मित्राने मला नाळेवर नेऊन साखळीवर हात ठेवायला लावला. बोटांना बारीक खरखर लागत होती, दगडी फरशीवरून लोखंडी खाट ओढावी तशी. "हे कळलं का? आता जन्मभर झोपेतही कळेल," तो म्हणाला. उचलला, पुन्हा टाकला. मग साखळी गप्प झाली.

पुढे जयगडच्या खाडीत शिरलो. शास्त्री नदीचं मुख, आत शिरलं की समुद्राची हालचाल एकदम मंदावते. जागा हेरतोय तोच एका मचव्यावरून, मासेमारीच्या होडीवरून, तिचे प्रमुख तांडेल ओरडले, "हितं नको हो! खाली खडक हाय. नांगर अडकला तर सोडवणार कोण?"

"मग कुठे टाकू, काका?"

त्यांनी नुसती हनुवटी हलवून जागा दाखवली. आमच्याकडे नकाशा होता, खोली मोजायचं यंत्र होतं. तरी आम्ही हनुवटीप्रमाणे गेलो.

दीपगृहाचा दिवा आणि किनाऱ्यावरचा एक पिवळा बल्ब, अशा दोन खुणा धरून मी निजलो. म्हणजे आडवा झालो. निम्मा कान पाण्यात. अडीचच्या सुमारास डोकं वर काढलं तर डावीकडचं दीपगृह उजवीकडे! छातीत धस्स झालं.

"अरे ऊठ, गेलो आपण!"

मित्राने डोळेही उघडले नाहीत. "ओहोटी लागलीय रे. होडी नांगराभोवती फिरली. झोप."

बल्ब शोधला. होता, फक्त मी त्याच्याकडे पाठ करून होतो. पुढे झोप लागली नाहीच. पहाटे मतलई वारा सुटला, जमिनीकडून ओल्या पेंढ्याचा आणि चुलीच्या धुराचा वास आला. वारा एकीकडून, पाणी दुसरीकडून, आणि होडी दोघांचं ऐकून तिसरीकडे तोंड करून उभी. सासर-माहेरच्या मध्ये सापडलेल्या माणसासारखी.

तवसाळची पहिली फेरीबोट सुटली तेव्हा आम्ही साखळी ओढायला घेतली. चाळीस मीटर साखळी हाताने ओढताना माणूस देवाचं नाव फार घेत नाही, दुसरंच काहीतरी घेतो. मी ओढायचं आणि मित्राने बादलीने कड्या धुवायच्या. शेवटी नांगर वर आला तो राखाडी, लोण्यासारख्या गाळाने लडबडलेला. फाळाला जाळ्याचा फाटका तुकडा, त्यात अंगठ्याएवढा खेकडा, नांगी उगारून.

मचव्यावरून तांडेलकाका बघत होते.

"काय पीक आलं?"

खेकडा उचलून दाखवला. ते हसले आणि इंजिन सुरू करून निघून गेले. खेकड्याला पाण्यात सोडलं, गाळ मात्र नखांत गोव्यापर्यंत आला.