मी म्हटलं होतं!

चारचौघांत बसून गप्पा मारणं मला कधीच नीट जमलं नाही. नोकरी कशी चाललीय, मुलं कितवीत गेली, एवढं विचारून झालं की माझ्याकडचा साठा संपतो आणि मी ग्लासाकडे बघत बसतो. म्हणून पबमधली क्विझची रात्र मला मनापासून आवडते. तिथे कशावर बोलायचं हे माइकवाला ठरवतो. तो विचारतो, ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती, आणि टेबलाभोवतीची सगळी डोकी एकदम जवळ येतात.

‘सिडनी’ म्हणणारा एक जण असतोच, आणि तो ते छातीठोकपणे म्हणतो. ‘कॅनबेरा’ म्हणणारीही असते, पण शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये म्हणून इतकं हळू पुटपुटते, की आपल्याच टेबलाला ऐकू जात नाही. कागदावर सिडनी जातं. मग उत्तर जाहीर होतं आणि ‘मी म्हटलं होतं!’ सुरू होतं. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तिचं मत आधी विचारलं जातं, आणि नेमकं तेव्हा तिला काही आठवत नाही.

पबमधला वाद तसा जुनाच. १९५१ साली आयर्लंडमध्ये शिकारीला गेलेल्या मंडळींत ज्यांची शिकार होते अशा पक्ष्यांत युरोपातला सगळ्यात वेगवान कोणता, यावरून जुंपली. त्यांत गिनेस या बीअर कंपनीचे प्रमुख सर ह्यू बीव्हर होते. उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडेना. असे वाद पबापबांत रोज रंगत असणार, हे त्यांनी ओळखलं आणि १९५५ मध्ये विक्रमांचं ते प्रसिद्ध पुस्तक निघालं. वाद मिटवायला दारूवाल्यांनी पुस्तक काढावं, हे मला अजून पटत नाही. वाद लांबला तर आणखी एक ग्लास खपला नसता का?

पुढे इंग्लंडमध्ये १९७६ च्या सुमारास शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी पबांमध्ये क्विझच्या स्पर्धा भरवायला घेतल्या. गिऱ्हाईक फिरकत नाही अशा रात्री खुर्च्या भरायच्या, हा त्यामागचा साधा हिशेब. पुस्तकाने वाद मिटवला होता, या दोघांनी तो वेळापत्रकात बसवला.

आता पुस्तकाचीही गरज उरलेली नाही. कुणी काही म्हणायचा अवकाश, समोरचा फोन काढतो आणि विषय तिथेच संपतो. क्विझचा पहिला नियम मात्र ‘फोन खिशात’. कुणी चोरून बघितलाच तर अख्खं पब त्याच्याकडे ज्या नजरेने बघतं, ती कॉपी पकडणाऱ्या मास्तरांनाही जमायची नाही. काही तास का होईना, एखादी गोष्ट माहीत नसली तरी चालतं, नव्हे, नसलीच तर मजा येते.

आणि मित्र नव्याने कळतात! ज्याच्याशी वर्षानुवर्षं फक्त कर्जाचे हप्ते आणि टॅक्स यांवरच बोललो, तो अचानक सांगतो की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, हेही त्यालाच ठाऊक. हे सगळं इतकी वर्षं याने कुठे ठेवलं होतं? विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

जिंकणारं टेबल बहुधा ठरलेलं असतं. तिथे कुजबुज नसते. प्रश्न आला की एक जण लिहितो, बाकीचे मान हलवतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. (थोडा वाटतो, बक्षीस जाहीर होताना.)

खरी धमाल टायब्रेकरला. दोन टीमचे गुण सारखे झाले की आकड्याचा प्रश्न येतो आणि ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा, तो जिंकतो. इथे विद्वान आणि अडाणी एका रांगेत. आयफेल टॉवर किती मीटर उंच? आमच्यातला एक म्हणाला, तीनशे. दुसरा म्हणाला, गोल आकडा कधी खरा नसतो, दोनशे सत्त्याऐंशी लिही. आम्ही दोनशे सत्त्याऐंशी लिहिलं. उत्तर होतं ३३०.