तुम्ही विचारलंत म्हणून: रायफल आधी की छर्रा?

‘दहा मीटरच्या नेमबाजीसाठी सगळ्यात अचूक एअर रायफल कोणती?’ असं नेहमी विचारलं जातं. खरं सांगायचं तर स्पर्धेसाठी बनवलेली कुठलीही धड रायफल शिकंज्यात आवळली की छर्रे जवळपास एकाच भोकात घालते. अचूकता हरवते ती छर्ऱ्यात आणि बसवणीत, म्हणजे रायफल तुमच्या अंगाला जुळवून घेण्यात. म्हणून नावापायी सगळे पैसे रायफलीत घालू नका.

हिशेब बघा. लक्ष्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका 0.5 मिलिमीटरचा, छर्रा 4.5 चा. छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून 2.5 मिलिमीटर हुकला तरी 10.0 गुण मिळतात, तिथून आत दर 0.25 मिलिमीटरला एक दशांश गुण वाढतो. एक मिलिमीटर सरकला की चार दशांश गेले!

सपाट तोंडाचे छर्रे घ्या. डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा बदलतो आणि प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. तीन-चार मापं आणा, प्रत्येकाचे दहा शॉट वेगळ्या कागदावर मारा. शिकंज्यात बॅरल आवळू नका, रिसीव्हर (बॅरलच्या मागचा, यंत्रणेचा भाग) धरा. सगळ्यात लहान, गोल भोक पाडणारं माप निवडा आणि त्याच लॉटचे (एकाच खेपेत बनलेले) डबे भरून ठेवा. लॉट बदलला की ही चाचणी पुन्हा.

मग बसवणी. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल चीकपीसवर (गाल टेकवायच्या पट्टीवर) सैल टेकवा आणि डोळे उघडा. पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या साइटच्या भोकाच्या मधोमध दिसली पाहिजे. कडेला चंद्रकोरीसारखी सावली दिसली तर चीकपीस हलवा, मान नाही. मान ताणून जुळवलेला नेम चाळिसाव्या शॉटला सुटतोच. बटची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबी अशी ठेवा की बोटाचं पेर ट्रिगरवर काटकोनात पडेल. पुढच्या साइटची रिंग फार घट्ट घेऊ नका. लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड स्पष्ट हवी, नाहीतर डोळा फसतो. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा आणि जुनी जागा पेन्सिलीने खुणावून ठेवायची.

एवढं करूनही शॉट हळूहळू खाली उतरायला लागले, तर साइटला हात लावण्याआधी रायफलीच्या हवेच्या सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा बघा. दाब रेग्युलेटरच्या (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाच्या) गरजेखाली गेला की छर्ऱ्याचा वेग पडतो.