फीडच्या दुरुस्तीतून उभा राहिलेला व्यवसाय : आमची वाटचाल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात थोरल्या बंधूंनी आणि मी मशीन दुरुस्तीचे काम सुरू केले, तेव्हा लेथ, ड्रिल, शेपर असे जे येईल ते आम्ही घेत होतो. एमआयडीसीची स्थापना 1962 साली झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींमध्ये वागळे इस्टेटची गणना होते. पुढे तिथले मोठे कारखाने एकेक करून बंद पडत गेले आणि लिलावात निघालेली व्हर्टिकल मिलिंग मशिने (उभ्या स्पिंडलवर फिरणाऱ्या कटरने धातू कापणारी) आसपासच्या टूलरूममध्ये व जॉबवर्कच्या गाळ्यांत येऊन पोहोचली. या मशिनांची आमच्याकडे येणारी सर्वांत नेहमीची तक्रार फीडची, म्हणजे टेबल किंवा कटर आपोआप पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेची असे, आणि हळूहळू तेच आमचे मुख्य काम झाले.

फीड बंद पडले एवढे कळून दुरुस्ती करणाऱ्याचे भागत नाही. कोणते फीड, कोणत्या दिशेला, मशीन मोकळे चालवताना की कटर जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) शिरल्यावर, हे समजल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, अशी शिस्त बंधूंनी पहिल्यापासून लावली. टेबलाचे पॉवर फीड एकाच दिशेला चालत असेल तर मोटर आणि तिचा पुरवठा बहुधा ठीक असतो. दोष त्या दिशेच्या लिमिट स्विचमध्ये (टेबल टोकाला पोहोचताच फीड थांबवणाऱ्या स्विचमध्ये) किंवा लिव्हरखालच्या मायक्रोस्विचमध्ये शोधावा लागतो. लिमिट स्विच टेबलाखालच्या सॅडलच्या पुढच्या बाजूला असल्याने कूलंट आणि बारीक चुरा थेट त्याच्यावर येतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर त्याचा दट्ट्या आत बसला की बाहेर येत नाही. दोन्ही दिशांना काहीच हालचाल नसेल तर आधी फ्यूज, मग कार्बन ब्रश. फीड पूर्ण वेगाने धावते पण नॉब फिरवून कमी होत नाही, अशा वेळी नॉबमागचा पोटेन्शिओमीटर आणि मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड तपासणे योग्य.

आमचे नाव ज्या कामामुळे झाले, ते सविस्तर सांगायला हवे. रबाळे येथील एका टूलरूममध्ये टेबल दोन्ही टोकांना गेले की फीड थांबत असे. आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याने कार्ड बदलून दिले होते आणि थोड्याच दिवसांत नवे कार्डही जळाले होते. आम्ही फीड न्यूट्रलला ठेवून, टेबल लॉक सैल असल्याची खात्री करून, हँडलने टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले. मधल्या भागात ते हलके फिरले, टोकांकडे मात्र दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. रोजचे काम मधल्या भागातच होत असल्याने स्लाईड आणि स्क्रू तिथे अधिक झिजतात; तिथला खेळ काढण्यासाठी कोणीतरी गिब (स्लाईडमधला खेळ कमी-जास्त करणारी पट्टी) आवळली होती, त्यामुळे न झिजलेली टोके जाम होत होती. तिथे मोटर अडकली की करंट वाढतो आणि कार्ड जळते. गिब टोकांच्या हिशेबाने लावली, मधल्या भागात थोडा खेळ राहणार हे मालकांना स्पष्ट सांगितले, आणि स्लाईड स्क्रॅप करून (खरवडून पुन्हा सरळ करून) घेण्याचा वेगळा अंदाज दिला. त्यांनी पुढे ते कामही आमच्याकडेच दिले. कारण न शोधता सुटे भाग बदलत जाणे हा ग्राहकाच्या पैशाचा अपव्यय आहे, असे माझे ठाम मत आहे.

क्विलच्या, म्हणजे स्पिंडलला घेऊन वर-खाली सरकणाऱ्या नळीच्या फीडचे गणित निराळे. ब्रिजपोर्ट पद्धतीच्या हेडवर स्पिंडलच्या एका फेऱ्याला 0.0015, 0.003 आणि 0.006 इंच असे तीन फीड मिळतात आणि अतिभार आल्यास क्लच घसरतो. पोलादात 3/8 इंचाच्या वर ड्रिल या फीडने चालवू नये, हा नियम अनेक कारागिरांना कोणी सांगितलेलाच नसतो. ते घसरणारा क्लच बिघडला असे समजून तो आवळतात आणि पुढचा भार वर्म गिअरवर जातो. फीड लिव्हर गुंतवताच परत सुटत असेल, तर हेड उघडण्यापूर्वी क्विल लॉक आणि खोलीच्या स्टॉपचा मायक्रोमीटर नट पाहावा. क्विल खाली येण्याऐवजी वर जात असेल, तर दिशेचा नॉब तपासावा, कारण फीडची दिशा स्पिंडलच्या फिरण्याच्या दिशेवर अवलंबून असते.

काम वाढल्यावर आम्ही रबाळे एमआयडीसीत स्वतःचा गाळा घेतला. आता आयटीआयमधून येणाऱ्या मुलांना आम्ही प्रथम हँडल फिरवून टेबलाचा जडपणा ओळखायला शिकवतो, मीटर त्यानंतर हातात देतो. दुरुस्त झालेले मशीन मोकळे चालवून आम्ही ताब्यात देत नाही. ग्राहकाच्याच जॉबवर, त्याच्याच कटरने, टेबलाच्या पूर्ण लांबीत दोन्ही दिशांना कट घेऊन दाखवतो आणि फीड मोटर किती तापली हे त्याच्या मिलिंग कारागिराला हात लावून पाहायला सांगतो.