देवबाग ते वालावल, जुन्या आउटबोर्डवर

मालवणच्या दक्षिणेला देवबागची चिंचोळी पट्टी संपते तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. पर्यटकांच्या होड्या हा संगम आणि त्सुनामी आयलंडची वाळू दाखवून मागे फिरतात, नदीत वर शिरणारे थोडेच. डिसेंबरात आम्ही वालावलपर्यंत गेलो ते मेव्हण्याच्या फायबरच्या होडीतून. मशीन म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं आउटबोर्ड इंजिन, एका सिलिंडरचं, पाच अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक, आणि बरेच पावसाळे पडवीत गोणपाटाखाली काढलेलं. असंच मशीन लावून या वाटेने जाणाऱ्याला नदीपेक्षा मशीनबद्दलच जास्त सांगावं लागेल.

घरची तयारी आधी. इतके दिवस पडून असलेल्या मशीनची दोरी थेट खेचू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडायचं, दोरी सावकाश ओढून पिस्टन मोकळा आहे ना ते बघायचं. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला व्हॉर्निशसारखा वास येत होता, ते सगळं ओतून टाकलं. कार्बोरेटरच्या वाटीत पिवळा चिकट थर होता. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी तोंडं, स्प्रेने आणि इलेक्ट्रिक वायरमधल्या तांब्याच्या बारीक तारेने साफ केले. स्टीलची तार किंवा सुई घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं आणि मग मशीन आयुष्यभर जास्त पेट्रोल पितं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो इम्पेलरने. मशीन थंड ठेवायला पाणी वर चढवणारी ही रबरी चक्री खालच्या पायात, म्हणजे मशीनच्या पाण्यात बुडणाऱ्या भागात बसते. पडून राहिलं की तिच्या पाकळ्या एका बाजूला वळलेल्याच राहतात, कडक होतात, तुटतात. ती काढायला पाय उतरवावा लागतो, आणि खाऱ्या पाण्यात वापरलेल्या मशीनचा एखादा तरी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जाम झालेला असतोच. आमचा मागचा बोल्ट असाच बसला होता. मेव्हणा पान्यावर पाइप चढवून जोर लावायला निघाला, मी अडवलं. ब्लो लॅम्पने बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम तापवलं (ते स्टीलपेक्षा जास्त फुगतं), तेल सोडलं, थांबलो. मग आधी केसभर घट्ट, मग केसभर सैल, पुन्हा तेल. बऱ्याच वेळाने बारीक ‘कट्’ असा आवाज आला आणि मागोमाग पांढरी भुकटी बाहेर येऊ लागली. तो आवाज आला की सुटकेचा श्वास घ्यावा, पण घाई करू नये. जोडताना प्रत्येक बोल्टाला मरीन ग्रीस फासा. जुन्या इम्पेलरची पाकळी तुटली असेल तर तुकडा शोधल्याशिवाय पाय बंद करू नका, तो वर जाऊन पाण्याची वाट अडवतो. नवा बसवताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवत हाउसिंग खाली दाबायचं, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वळतात.

इंधनात तेल किती घालायचं ते मॅन्युअल बघून ठरवा. पन्नासास एक असेल तर लिटरला 20 मिली, जुन्या काही मशीनना पंचवीसास एक, म्हणजे 40 मिली लागतं. तेल टीसी-डब्ल्यू 3 दर्जाचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं. रिक्षावाल्यांचं टू-टी तेल स्वस्त पडतं, पण ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं आणि आउटबोर्डच्या प्लगवर राख धरतं. फुल थ्रॉटलला तासाला दोन-अडीच लिटर धरून चाला. वाटेत काठावर पेट्रोल मिळेल या भरवशावर निघू नका.

आता पाणी. भरती लागताच देवबागहून निघायचं, वालावलला पोचून भरती भरेपर्यंत थांबायचं आणि सुकतीबरोबर (ओहोटीबरोबर) परतायचं. मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ता इथे लावू नका, मालवणला भरती साधारण तासभर आधी येते. परतीत एक धोका आहे. वर कुठे मशीन मेलं तर सुकती तुम्हाला घराकडे आणते, पण मुखापाशी मेलं तर तीच बाहेर समुद्रात नेते. दुपारनंतर वायव्येचा वारा त्या ओढीला समोरून भिडतो आणि तिथेच लाटा उभ्या राहतात. म्हणून शेवटच्या टप्प्यात देवबागचा काठ धरून चालायचं, नांगर दोरासकट नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर तयार ठेवायचा, वल्ही आणि लाइफ जॅकेट होडीत हवीतच.

देवबाग मागे पडलं आणि थोड्याच वेळात मशीन धापा टाकत बंद पडलं. मशीन कसं मरतं याकडे लक्ष द्या. दिवा मालवावा तसं एकदम गेलं तर स्पार्क किंवा किल स्विचची (ओढली की मशीन बंद करणारी) दोरी बघायची, आचके देत गेलं तर इंधन. मालवणातल्या मेकॅनिक काकांनी निघताना बजावलंच होतं, ‘‘आधी टाकी बघा, मगे मशीनाक हात लावा.’’ टाकीतून मशीनला पेट्रोल नेणाऱ्या पाइपावरचा, हाताने दाबायचा रबरी फुगा चपटा होऊन बसला होता. फुगा दाबून कधीच कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय. चालू मशीनवर तो आत ओढला जात असेल तर टाकीच्या बाजूला अडथळा आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता, म्हणजे दोष पाइपात.

‘‘भावोजी, पाइप तर चांगला दिसतोय की!’’ मेव्हणा म्हणाला. बाहेरून चांगलाच होता. टाकीकडचं टोक कापलं तेव्हा आतला रबरी थर सुटून पडद्यासारखा लोंबत होता. पेट्रोल ओढलं की तो वाट बंद करणार. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबराचं असंच होतं. टाकीपासून फुग्यापर्यंतचा तुकडा बदलला आणि पुढे निघालो. पाइप, क्लिपा आणि धारदार सुरी सोबत असू द्या. खरं तर जुना पाइप घरीच फेकून द्यावा, दिसण्यावर जाऊ नये.

पुढे कांदळवनाच्या कडेला पाणी उथळ झालं आणि पंखा कालवं लागलेल्या खडकावर बसला. मशीन ओरडतंय, होडी जागच्या जागी. पंखा शाफ्टला धरून ठेवणारी शिअर पिन तुटली होती. ती तुटण्यासाठीच असते, तिने आतले गिअर वाचवले. लोक तिच्या जागी खिळा ठोकतात. खिळा तुटत नाही आणि पुढच्या खडकाला गिअर जातात. मूळ मापाच्या पिना आणि स्प्लिट पिना जवळ ठेवा, आणि मशीन वर उचलून काम करताना खाली फडकं धरा, नदीत पडलेलं मिळत नाही. पंखा काढल्यावर शाफ्टभोवती तंगुसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) हिरवा गुंता दिसला. ब्लेडने कापून काढला.

नंतर मशीन थंड करून मागच्या नळीतून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली. मशीन लगेच बंद करून नळीच्या तोंडात तार घातली, वाळूचा खडा निघाला आणि धार सुरू झाली. तार घालूनही धार येत नसेल तर मशीन चालवू नका, वल्ही घ्या.

वालावलला काठावर होडी बांधून लक्ष्मीनारायणाच्या देवळापर्यंत चालत गेलो. देऊळ, शेजारचं तळं आणि माडांची सावली, सगळं निवांत आहे. डबा घरून न्या. परतीत मशीनने त्रास दिला नाही.

घरी आल्यावर पिंपात गोड्या पाण्यावर मशीन चालवलं, मग पाइप काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल केला. रात्रभरात पाणी तळाला बसतं, त्यामुळे आधी तेच बाहेर येतं. आधी पाण्याचे थेंब आले, मागून दुधी तेल. तंगुसाने शाफ्टचं सील कापलं होतं. तेल पूर्ण काढलं, नवं तेल खालच्या भोकातून वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं, दोन्ही स्क्रूंचे वॉशर बदलले. सील मागवलंय. ते बसेपर्यंत मशीन पडवीतच, या वेळी टाकी रिकामी करून.